तुमचं काय जातं?

अवघड प्रश्न तत्त्वज्ञ विचारतात असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. तत्त्वज्ञांचे प्रश्न लांबलचक असतात, अवघड नसतात. 'मानवी जीवनाचं प्रयोजन काय?' असं कुणी विचारलं तर गंभीर चेहरा करून खिडकीबाहेर पाहावं. लोक त्यालाच उत्तर समजतात. खरा अवघड प्रश्न तीन शब्दांचा आहे आणि तो आपल्याकडे जिन्यात, रांगेत, पार्किंगमध्ये कुठेही ऐकू येतो : 'तुमचं काय जातं?' वरच्या गॅलरीतून सतरंजी झटकणारी बाई हेच विचारते, आणि पहाटे पाच वाजता कुकर लावणारे आजोबाही हेच विचारतात.

मला तो माझ्या भाच्याने विचारला. एरवी पोरगा गुणी. मामाला उलट उत्तर देणारा नव्हे. पण त्या दिवसांत त्याच्या डोक्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड होता.

वाचकांपैकी ज्यांनी मोटारीचं बॉनेट फक्त मेकॅनिकच्या उपस्थितीत पाहिलं असेल त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. इंजिनात चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल जळतं आणि उरलेला गरम वायू बाहेर पडतो. या चौघांचा धूर गोळा करून मागच्या नळीत ढकलणारा बिडाचा जाड, ओबडधोबड तुकडा म्हणजे मॅनिफोल्ड. पेन्शनच्या दिवशी आमच्या शाखेत जे दृश्य असतं तेच त्याच्या पोटात असतं. चार काउंटरवरून चार माणसं काम उरकून निघतात आणि दाराशी येऊन एकमेकांच्या पायात पाय घालतात.

भाच्याला हे सहन होईना. त्याने 'हेडर' आणले. हेडर म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र, सारख्या लांबीची, डौलदार वळणाची पोलादी नळी. इंजिनात ठिणगी एक-तीन-चार-दोन अशा क्रमाने पडते. नळ्यांची लांबी बरोबर जमली, की एकाचा धूर निघून जाताना मागे थोडी पोकळी ठेवतो आणि त्या पोकळीत पुढच्याचा धूर आपसूक ओढला जातो. म्हणजे पहिला पेन्शनर बाहेर पडता पडता दुसऱ्याचा हात धरून त्यालाही बाहेर काढतो! इतकं सौजन्य आमच्या शाखेत अजून दिसलेलं नाही. इंजिनाचा श्वास मोकळा होतो आणि गाडीला थोडी जास्त ताकद मिळते. ही ताकद मुख्यतः इंजिन भरधाव फिरू लागलं की जाणवते. भाचा पुण्यात लक्ष्मी रस्त्याने दुसऱ्या गिअरमध्ये जातो, ही गोष्ट वेगळी.

दोन रविवार तो गाडीखाली होता. गंजलेल्या नटांना रात्रभर तेल पाजत होता, गॅस्केट जपून बसवत होता. आठवडाभर परक्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा हा मुलगा कोपरापर्यंत काळा होऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्याच्या पगारवाढीच्या दिवशीही मी पाहिला नव्हता. हेडरच्या जोडीला त्याने मोकळ्या श्वासाचा सायलेन्सरही बसवला. मग किल्ली फिरवली आणि आमच्या सोसायटीच्या कबुतरांनी सामुदायिक स्थलांतर केलं.

"अरे, हा आवाज..." मी म्हणालो.

"मामा, गाडी माझी, पैसे माझे, रविवारही माझे. तुमचं काय जातं?"

माणूस कॉमर्सचा असला की असा प्रश्न त्याला हिशेबाचा वाटतो. इटलीत लुका पाचोलीने १४९४ साली दुहेरी नोंदीची पद्धत छापून प्रसिद्ध केली. तिचं सार एवढंच, की एका खात्यात काही जमा झालं तर तेवढंच कुठेतरी नावे पडलेलं असतं. भाच्याच्या खात्यात ताकद जमा झाली, आनंद जमा झाला. मग नावे कुणाच्या पडलं?

आमच्या तळमजल्यावर एक नर्सबाई राहतात. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येतात. भाचा साडेआठला निघतो. त्यांनी तक्रार केली नाही, कमिटीकडे अर्ज दिला नाही. आमच्या सौ. एकदा वाटीभर साखर मागायला गेल्या तेव्हा कळलं, की बाईंनी आपला पलंग स्वयंपाकघरात हलवला आहे. ओट्याला लावून. नावे पडलेली रक्कम ही अशी असते. व्हाउचर नाही, सही नाही.

यावर कायदा काय म्हणतो, हे विचारणारे वाचक असतात. कायदा बरंच म्हणतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबल ही मोजणी चक्रवाढ व्याजाच्या जातीची : आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार गाडीत करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय अनेक नव्या गाड्यांत धूर शुद्ध करणारं यंत्र मॅनिफोल्डलाच चिकटलेलं असतं. हेडर बसवताना तेही निघतं, आणि प्लॅटिनम-पॅलेडियम आतल्या आत जे विष मारत होते ते थेट मागच्या स्कूटरवाल्याच्या नाकात जातं. पण पावती फाडून प्रश्न मिटतो, सुटत नाही. दंड सरकारजमा होतो. पलंग ओट्यापाशीच राहतो.

बी.कॉम.ला असताना पिगू नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाची ओळख झाली होती. त्याने १९२० सालीच 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर'मध्ये आगगाडीच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्यांचं उदाहरण घेतलं. नफा कंपनीचा, जळतं ते शेजारचं रान. पिगू माझ्या बाजूचा. पण १९६० साली रोनाल्ड कोज यांनी एक निबंध लिहिला आणि सगळा घोळ झाला. पुढे १९९१ साली त्यांना नोबेलही मिळालं. लंडनमध्ये एक मिठाईवाला वर्षानुवर्षे खलबत्ते चालवत होता. शेजारच्या डॉक्टरने मागल्या बाजूला, भिंतीला लागून, तपासणीची खोली बांधली आणि मग आवाजाची तक्रार केली. १८७९ साली निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोज म्हणतात, जरा थांबा. मिठाईवाल्याच्या खलबत्त्याने डॉक्टरचं नुकसान होतं हे खरं, पण डॉक्टरच्या शांततेने मिठाईवाल्याचंही होतं. नुकसान दुतर्फी असतं. दोघांनी बसून सौदा करावा.

भाचा बी.ई. झाला हे माझं सुदैव. बी.कॉम. झाला असता तर त्याने कोज माझ्या तोंडावर फेकला असता : नर्सबाईंची झोप माझ्या आनंदाच्या आड येते, त्याचं काय? आणि हा मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आपला आवाज तो नाद आणि दुसऱ्याचा तो गोंगाट, हा नियम ढोल-ताशापासून नातवाच्या पिपाणीपर्यंत सर्वांना लागू आहे. दोन रविवार खपून मिळवलेला एका तरुणाचा आनंद काही फुकटची चीज नव्हे.

पण कोज यांच्या टेबलाला एक अडचण आहे. मिठाईवाला आणि डॉक्टर दोघेही जागे होते. झोपलेल्या माणसाला सौदा करता येत नाही. स्कूटरवाला पुढच्या चौकात वळून गेलेला असतो. आपण जे बाहेर सोडतो ते बहुतेक वेळा अशाच लोकांच्या वाट्याला येतं, जे टेबलावर हजर नसतात. त्यांच्या वतीने कुणी बसायचं? उत्तर एकच उरतं : सोडणाऱ्यानेच. एका हाताने स्वतःचा सौदा करायचा आणि दुसऱ्याने त्यांचा.

हे मी भाच्याला इतक्या शब्दांत सांगितलं नाही. फक्त पलंगाचं सांगितलं. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून गाडी न्यूट्रलमध्ये टाकून कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायला लागला आणि तिथे जाऊन चालू करू लागला. मला भरून आलं. दोन मिनिटांनी लक्षात आलं, की कोपऱ्यावरही माणसंच राहतात. नोंद एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकली, एवढंच. तरीही, जिला ही नोंद आहे हेच ठाऊक नव्हतं त्या पिढीने निदान खातेवही उघडली.

१९८९ सालच्या मोटार वाहन नियमांत सायलेन्सरची जी व्याख्या आहे, तिच्यात आवाज 'शक्य तितका' कमी करणारं साधन असे शब्द आहेत. एरवी इंच-इंच मोजणाऱ्या कायद्याने इथे काम माणसावर सोडलं आहे. शक्य तितका म्हणजे किती? बिडाचा तो जाड तुकडा स्वस्त म्हणून बसवतात, आटोपशीर आणि टिकाऊ म्हणूनही. पण त्याच्या जाडीत थोडा आवाजही मुरतो आणि त्यापायी इंजिनाची थोडी ताकद वाया जाते. आमच्या काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाचं ओरडणं गिळून 'बसा, बघतो' म्हणतो, तेव्हा त्याचीही थोडी ताकद वायाच जाते. मला वाटतं, ज्याला आपण सभ्यता म्हणतो ती हीच वाया गेलेली ताकद. ती सगळी वसूल करायला निघालं, की घरं मोकळी होतात आणि पलंग ओट्यापाशी जातात.

भाच्याने जुना मॅनिफोल्ड अजून भंगारात दिलेला नाही. पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून कॉटखाली ठेवलाय. का, ते मी विचारलं नाही. त्याच्या कॉटखाली काय असावं, यात माझं खरोखरच काही जात नाही.