थांबवण्याचा अधिकार

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवरच्या गोटमारीत येणारा दगड आम्हा पांढुर्णा-सौंसरकरांना दिसतो तरी; हेलिकॉप्टरच्या शेपटीकडचा पंखा वेगात फिरताना दिसतच नाही. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथच्या हेलिपॅडवर अशाच पंख्याने एका सरकारी अधिकाऱ्याचा बळी घेतला. म्हणूनच हेलिपॅडवरील कर्मचाऱ्यांना शिकवतात : वैमानिकाच्या नजरेत राहावे, शेपटीकडे कुणालाही जाऊ देऊ नये.

पण ‘कुणालाही’ या शब्दात मोठे साहेब येतात का? वडीलधाऱ्यांना अडवू नये, हा आमच्या घरांतला जुना संस्कार. तरीही आम्हांस वाटते, जीव वाचवण्यासाठी धाकट्याने धरलेला हात हा मर्यादाभंग नव्हे. तो अधिकार न देणारे प्रशिक्षण अपुरेच. आणि तो हात न झिडकारणे, हे थोरांचे शिक्षण होय.