सारथ्याचे आसन

कुरुक्षेत्रावर जमलेल्या राजांपैकी कोणी सेनापतिपद स्वीकारले, कोणी अतिरथी म्हणून मिरविला. ज्यांच्या संकल्पमात्रे ही सृष्टी चालते, त्या भगवंतांनी मात्र शस्त्र न धरण्याचे ठरवून अर्जुनाच्या घोड्यांचे लगाम हाती घेतले. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन रथ दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी नेण्यास सांगतो, आणि भगवंत काही न बोलता तो तेथे नेऊन उभा करतात. जगद्गुरूंनी उपदेश केला तो नंतर. सांगितल्या ठिकाणी रथ नेला तो आधी.

एवढ्यानेच हे सारथ्य संपले नाही. जयद्रथवधाच्या दिवशी भर रणांगणात घोडे थकले व बाणांनी विद्ध झाले. तेव्हा अर्जुनाने शत्रूस थोपवून धरले आणि भगवंतांनी घोडे सोडून त्यांच्या अंगांतील बाण काढले, त्यांना पाणी पाजले व चोळून ताजेतवाने केले. ही कथा महाभारताच्या द्रोणपर्वात आहे. हलके म्हणून जगाने बाजूस सारलेले काम भगवंतांनी आपल्या हातांनी केले, हे गृहस्थाने विसरू नये.

आज रथ गेले व मोटारी आल्या. परंतु सारथ्याची गरज उरली नाही असे नव्हे. ज्याची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत अशा रुग्णास बहुधा आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिससाठी रुग्णालयात जावे लागते. प्रत्येक खेपेस सुमारे चार तास जातात आणि परतताना अंगात त्राण उरत नाही. मुलगा परगावी, हाती पैसा थोडा, बसमध्ये चढण्याची शक्ती नाही. अशा वेळी एक खेप चुकली तरी जिवावर बेतू शकते. आणि त्याच गल्लीत कोणा सद्गृहस्थाची मोटार दिवसभर दाराशी उभी असते!

अशा ठिकाणी चार-सहा वाहनधारकांनी एकत्र येऊन वार वाटून घ्यावेत. मंगळवार एकाचा, शुक्रवार दुसऱ्याचा. कोणास केव्हा न्यावयाचे याची वही एकाने ठेवावी. कोणी आजारी पडल्यास त्याच्या जागी कोण जाणार हेही आधीच ठरवावे. यासाठी मोठी संस्था वा मोठा निधी लागत नाही. लागतो तो दिलेला शब्द पाळण्याचा निश्चय.

येथे कोणी म्हणेल, “भाड्याच्या गाडीचे पैसे देतो, स्वतः जाण्याचे कारण काय?” द्रव्यदान पुण्यप्रदच आहे, आणि ज्याला वाहन चालविता येत नाही त्याने ते अवश्य करावे. तथापि भाड्याची गाडी दारापर्यंत सोडून निघून जाते. रोग्याला हात धरून पायऱ्या चढविणारा, बाहेर थांबणारा आणि पुन्हा घरी आणून सोडणारा कोणी हवा असतो. द्रव्यदानात गृहस्थ बहुधा शिलकीतील देतो; वेळ देताना तो आयुष्यातीलच काही भाग देतो.

सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ते या सेवेसही लागू पडतात. जो परतफेडीची आशा न ठेवता, कर्तव्य म्हणून, योग्य वेळी दाराशी हजर होतो, त्याचे सारथ्य सात्त्विक. जो पुढे उपयोग होईल म्हणून किंवा कुरकुरत गाडी काढतो, त्याचे राजस. जो रोग्यास ताटकळत ठेवतो, उपकार बोलून दाखवितो किंवा तुच्छतेने वागवितो, त्याचे तामस. वाहन तेच, रस्ता तोच. भेद आहे तो चालविणाऱ्याच्या अंतःकरणात.

पश्चिम बंगालच्या जलपायगुडी जिल्ह्यातील चहामळ्याचे कामगार करीमूल हक यांचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. १९९५ साली त्यांच्या मातोश्री आजारी पडल्या. वेळेवर वाहन न मिळाल्याने त्यांचा अंत झाला. पुढे मळ्यातील एक सोबती कोसळला, तेव्हा त्याला आपल्या पाठीशी बांधून त्यांनी मोटारसायकलीवरून रुग्णालयात नेले आणि तो वाचला. तेथून आसपासच्या खेड्यांतील रोग्यांना विनामूल्य नेण्याचे व्रत त्यांनी धरले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्यापाशी मोठी मोटार नव्हती, मोठे उत्पन्नही नव्हते. जे दुःख स्वतः भोगले ते दुसऱ्याच्या वाट्यास येऊ नये, एवढेच होते. अशा पुरुषाचा पंथ विचारण्याचे गीताभक्तास कारण नाही. सर्व भूतांच्या हितात जे रत आहेत ते भगवंतांनाच प्राप्त होतात, असे बाराव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे.

मात्र सेवेच्या नावाखाली निष्काळजीपणा क्षम्य नाही. ब्रेक, चाके व दिवे वेळोवेळी तपासावेत. परवाना व विमा चालू असावा. झोप झाली नसेल किंवा दृष्टी अधू झाली असेल, तर अभिमान सोडून लगाम दुसऱ्याच्या हाती द्यावा. वाटेत रोगी बोलल्यास ऐकावे, न बोलल्यास मौन पाळावे. त्यास उपदेश करू नये. भगवंतांनीसुद्धा अर्जुन शरण येईपर्यंत उपदेशास आरंभ केला नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर रोगी घाईने आत जाईल, कदाचित मागे वळूनही पाहणार नाही. नेमका तोच क्षण साधकाच्या कसोटीचा होय. मन खट्टू झाले तर समजावे की मागच्या आसनावर रोगी होता, पण पुढच्या आसनावर अहंकार बसला होता. ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून यंत्रावर बसविल्याप्रमाणे जीवांना फिरवितो, असे अठराव्या अध्यायाचे वचन आहे. यास्तव गाडीची किल्ली हाती घेताना गृहस्थाने मनोमन म्हणावे: लगाम आपले आहेत, देवा, हा देह केवळ आपल्या आसनावर थोडा वेळ बसला आहे.