किल्ली कोणाच्या हाती?

मंडळीतल्या एका लग्नाहून रात्री परतत होतो. असीरगढाहून बऱ्हाणपूरकडे येणारा रस्ता सातपुड्याच्या कुशीतून येतो आणि समोरून मालट्रक सारखे येत असतात. जीपमध्ये आम्ही नऊ जण, त्यांत चार मुले. चालक गाडीत बसला तेव्हा दारूचा वास आला. मला तो स्पष्ट आला. पण यजमान वयोवृद्ध, गाडी त्यांनीच ठरवलेली, मुलीची पाठवणी नुकतीच झालेली; अशा वेळी बोभाटा कशाला, म्हणून मी गप्प राहिलो. विसेक किलोमीटर कापून सर्व जण सुखरूप घरी आलो. झोपण्यापूर्वी मी उपकारस्तुतीही केली.

वाचकहो, काहीच झाले नाही, तर मग माझ्याकडून दोष घडला का?

१९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरात, मध्यरात्रीनंतर, एका भरधाव मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. दोघेही आपल्या मध्य प्रदेशातले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवीत होता व तो प्यालेला होता, असा पोलिसांचा आरोप. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला. अटींपैकी एक म्हणजे अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध. देशभर संताप उसळला. मीही संतापलो. (हा लेखही जवळजवळ तेवढाच आहे, हे लिहिता लिहिता ध्यानात आले आणि लेखणी अडखळली.)

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर चालक गुन्हेगार; २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या खेपेचा दंड १०,००० रुपये आहे. हे पुष्कळांना ठाऊक असते. कलम १८८ मात्र क्वचितच कोणी वाचतो: या गुन्ह्याला साह्य वा चिथावणी देणाऱ्यासही तीच शिक्षा. नुसते गप्प बसणे म्हणजे साह्य नव्हे, असे वकील सांगेल, आणि कायद्यापुरते ते बहुधा खरेही असेल.

पण निर्गमाच्या २१ व्या अध्यायात मारक्या बैलाचा नियम आहे. बैलाची खोड मालकाला कळवलेली असूनही त्याने त्याला आवरले नाही, तर दोष मालकावर येतो. आता माणूस म्हणजे बैल नव्हे. पहिला पेला त्याने शुद्धीत उचलला. तो दोष त्याचाच, त्यात कोणी वाटेकरी होऊन तो हलका करू शकत नाही. परंतु दारू बोथट करते ती विवेकालाच. "मला काही होत नाही," असे तो अगदी मनापासून म्हणतो. त्या घटकेला गाडी निघावी की नाही, हे ठरवण्याची शक्ती मागच्या बाकावर असते. तेथे मी बसलो होतो.

वाटेत एखादा मालट्रक आडवा आला नाही, याचे श्रेय माझ्या मौनाला कसे द्यावे?

पुढे रविवारच्या शाळेत हाच अध्याय शिकवीत होतो. त्या रात्री जीपमध्ये असलेली एक मुलगी उभी राहिली.

"काका, मारका बैल आहे हे शेजाऱ्याला माहीत असेल, आणि तो बोललाच नाही, तर?"

मी तिला जीपची हकिकत सांगितली. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझा लहान भाऊ पुढे बसला होता."