खिडकीतले मौन

२७ मार्च २००५. ईस्टरचा रविवार. रोममधील सेंट पीटर्स चौक माणसांनी फुलून गेला होता. वर खिडकीशी पोप दुसरे जॉन पॉल आले. महिन्यापूर्वीच त्यांच्या घशावर शस्त्रक्रिया झाली होती. त्यांनी बोलण्याचा प्रयत्न केला, शब्द उमटेना. अखेर हातानेच क्रूसाची खूण करून त्यांनी आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी, २ एप्रिलला, ते गेले.

ते दृश्य आठवले की मला एक प्रश्न छळतो. दुःख सोसणे हे नेतृत्व होऊ शकते काय?

कॅथलिक परंपरा 'होय' म्हणते. तिच्या वेदीपाशी क्रूसावर खिळलेला देह असतो. याच पोपवर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन ते हल्लेखोराला भेटले. पुढे ११ फेब्रुवारी १९८४ च्या पत्रात त्यांनी मानवी दुःखाच्या अर्थाचा विचार मांडला.

आणि २०१३ साली, त्याच ११ फेब्रुवारीला, त्यांच्यामागून पोप झालेल्या सोळाव्या बेनेडिक्ट यांनी पदत्याग जाहीर केला. आपली शक्ती आता या कामाला पुरत नाही, असे त्यांनी सांगितले. मग एक क्रूसावर राहिला आणि दुसरा खाली उतरला, असे म्हणायचे काय?

मला तसे वाटत नाही. कारभाराला शक्ती लागते. ती सरली की दुखणे कितीही पवित्र असो, कारभार दुसऱ्यांच्या हाती जातो. हे बेनेडिक्टनी ओळखले. पण माणसाचे मोल शक्तीवर ठरत नाही, हे सांगायला शक्ती लागत नाही. ते जॉन पॉल यांनी खिडकीतून सांगितले. दोघांनी सोडले ते एकच: आपण समर्थ आहोत हा देखावा. लोक मागे जातात ते दुःखाच्या नव्हे, या सोडण्याच्या.

मात्र सोसण्याची थोरवी गाणारे बहुधा स्वतः सोसणारे नसतात. दुसऱ्याच्या दुःखाला पवित्र म्हणणे फार स्वस्त असते. म्हणूनच १९८४ च्या त्या पत्रात चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. वाटेवर पडलेल्या जखमी माणसाला त्याने दुःखाचे माहात्म्य ऐकवले नाही; त्याच्या जखमा बांधल्या.

आपल्या वाट्याला दुःख आले, तर त्यात अर्थ शोधण्याचा अधिकार आपला. दुसऱ्याच्या दुःखापाशी आधी हात पुढे करावा. अर्थ मागाहून तोच सांगेल. सांगावासा वाटला तर.