दुसरा निरोप

जालना जिल्ह्यातलं कुठलंही वर्तमानपत्र उघडा, आत एखादं तरी 'प्रथम पुण्यस्मरण' असतंच. डोक्यावरून पदर घेतलेली म्हातारी, शेजारी 'वात्सल्यमूर्ती', 'आमच्यासाठी खस्ता खाल्ल्या' आणि खाली मुलं, सुना, नातवंडांची नावं. त्या चौकटीत बाईने काय सोसलं ते असतं. तिने काय ठरवलं, ते सहसा नसतं.

घनसावंगी तालुक्यातल्या जांबच्या राणूबाईंचं असंच झालं. सूर्याजीपंत ठोसरांच्या या पत्नी. थोरला गंगाधर, धाकटा नारायण; म्हणजे 1608 साली रामनवमीला जन्मलेले समर्थ रामदास. आपल्याला राणूबाई आठवतात त्या एकाच रूपात: मुलगा बोहल्यावरून पळाला आणि त्याच्या वाटेकडे डोळे लावून आईचे डोळेच गेले.

पण परंपरेने जपलेली गोष्ट एवढीच नाही. लग्नाला नाही म्हणणाऱ्या बारा वर्षांच्या नारायणाकडून आईने वचन घेतलं होतं, अंतरपाट धरेपर्यंत नकार द्यायचा नाही. पोराने शब्द तंतोतंत पाळला. अंतरपाट धरला, 'सावधान' कानावर पडलं आणि तो निघून गेला. वचन मोडलं नाही. आईचं मन तेवढं मोडलं.

पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तप आणि बारा वर्षं देशाटन. या 24 वर्षांत चरित्रकार नारायणामागे देशभर फिरतात. जांबच्या घरात थांबायला कुणाला सवड नसते. तिथे नवरा आधीच गेलेला, धाकट्याचा पत्ता नाही, तरी सांजवात चुकली नसेल. श्रेष्ठ म्हणून ओळखले गेलेले थोरले गंगाधरपंत आणि सून पार्वतीबाई यांना धरून ते घर उभं राहिलं. डोळ्यांतलं पाणी पदराने पुसून सकाळी पुन्हा जात्यावर बसणाऱ्या बायका मराठवाड्याला नवीन नाहीत.

मग एके दिवशी दाराशी गोसावी आला. आईने आवाजावरून पोर ओळखलं. त्याच्या हाताने तिला दृष्टी आली, असं श्रद्धा सांगते. मला त्याच्या पुढचा प्रसंग मोठा वाटतो. नारायण काही काळ घरी राहिला, भागवतातली कपिलगीता आईला समजावून सांगितली आणि जाण्याची परवानगी मागितली. जो मुलगा एकदा न सांगता गेला, तो आता आईसमोर उभा राहून विचारत होता. आणि 24 वर्षांचं दुःख गाठीशी असलेली ती बाई 'जा' म्हणाली. पहिल्यांदा पोर गेलं होतं. दुसऱ्यांदा आईने पाठवलं. कृष्णाकाठी समर्थांचं पुढे जे काम उभं राहिलं, त्यात हा होकारही आहे.

आणखी एक गोष्ट. समर्थांना संसार नव्हता. चाफळ-सज्जनगडाची परंपरा पुढे सांभाळली ती श्रेष्ठांच्या वंशाने, म्हणजे राणूबाईंच्या नातवंडा-पतवंडांनी. गेलेल्याने उभारलं, राहिलेल्याच्या घराने जपलं. पण घरात राहिलेल्या मुलाचं आणि सुनेचं नाव आपल्याकडे उशिराच निघतं. कधी कधी पुण्यस्मरणाच्या जाहिरातीतही ते पुण्या-मुंबईला गेलेल्यांच्या नावांखाली जातं.

आज जालन्यातल्या किती घरांतून मुलं नोकरीसाठी बाहेर पडतात. जाणं चूक नाही. तिकीट काढून झाल्यावर 'निघतो गं' म्हणणं म्हणजे मात्र विचारणं नव्हे. आईचं 'नको' ऐकायची तयारी असेल, तरच 'जाऊ का?' या शब्दांना अर्थ. तसं विचारलं, तर बहुतेक आया 'जा'च म्हणतील. फरक एवढाच, की मग तिच्या फोटोखाली तिने सोसल्याचं लिहिताना, तिने दिल्याचंही लिहिता येईल.