चुंबळीखालची जागा

बसा. भिंतीला पाठ टेकवा. गुडघे दुमडत नसतील तर पाय पसरा. दुखरा पाय जसा राहतो तसा राहू द्या, त्याला सरळ करायचा हट्ट आज नको.

लक्ष हळूहळू कंबरेत न्या. नस दबली की कळ कुठल्या वाटेनं जाते ते नुसतं पाहा. कंबर, कुल्ला, मांडीची मागची बाजू, पोटरी, आणि शेवटी अंगठ्यापर्यंत मुंग्या. डॉक्टर तिला सायटिका म्हणतात. नागीण बरी झाल्यावर मागे उरणारी आग आणि शुगरवाल्याच्या तळव्यांची जळजळ हीसुद्धा याच जातीची दुखणी. यात जखम दिसत नाही, सूजही नसते. घरातली माणसं दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत.

श्वास सोडा, डोळे मिटा. आता बीड जिल्ह्यातल्या वडवणीकडची एखादी ऊसतोड करणारी बाई डोळ्यांपुढे आणा. दसरा-दिवाळी झाली की ती निघते. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. दिवसभर कंबरेत वाकून बुडख्याशी घाव घालायचा, मोळी बांधायची, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मोळी, आणि फळीवरून चढून गाडी भरायची. तिच्या मानेपासून माकडहाडापर्यंत तुमचं लक्ष एकदा सावकाश उतरू द्या. मणका न् मणका.

नस दबलेली ही बाई विसरते. मोळ्या किती झाल्या ते विसरते, एका लेकराला हाक मारताना दुसऱ्याचं नाव घेते. चिडते. मग उगाच रडू येतं. रात्री कूस बदलली की सणक, म्हणून झोप नाही. ‘डोकं ठिकाणावर नाही’ असं लोक म्हणतात, पण तिचं डोकं ठिकाणावरच असतं, दुखण्याच्या पहाऱ्यावर बसलेलं. उंदरांच्या नसेला इजा करून केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मेंदूतल्या हिपोकॅम्पसचं, म्हणजे आठवण धरणाऱ्या भागाचं कामही बिघडतं. दुखणं पायात आणि विसर डोक्यात, अशी वाटणी शरीर करत नाही.

आता दोन्ही कानांच्या टोकांपासून वर बोटं सरकवा. डोक्याच्या माथ्यावर मधोमध ती भेटतील. चिनी वैद्य या जागेला बाईहुई म्हणतात आणि मन अस्वस्थ असलं, आठवण धरेनाशी झाली, की इथं सुई लावतात. चुंबळ बसते ती हीच जागा. बोट तिथंच ठेवा थोडा वेळ. दाबू नका.

ही विद्या आपल्याकडे आली त्या वाटेवर सोलापूर लागतं. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे चोळकर होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले. ते शस्त्रक्रिया करणारे, सुया लावणारे नव्हेत. सुई शिकून परत आणली ती त्यांचे सोबती, बंगालचे विजयकुमार बसू यांनी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र कायदा आहे, २०१५ चा. सुई लावणाऱ्याची नोंदणी आहे का, हे खुशाल विचारावं.

सुई केसासारखी. टोचताना मुंगी चावल्यागत, मग आत एक जड, बोथट ठणका. बीजिंगचे शास्त्रज्ञ हान जिशंग यांनी सुईतून सौम्य वीज सोडून दाखवलं, की शरीर स्वतःचीच वेदनाशामक द्रव्यं सोडतं. पण नसेच्या दुखण्यावर सुईचा गुण खात्रीनं सांगावा इतका पुरावा कॉक्रेन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्याला सापडला नाही. पाठदुखी-डोकेदुखीवरच्या मोठ्या चाचण्यांत तर तुलनेसाठी लावलेल्या खोट्या सुयांनीही पुष्कळांना आराम पडला होता. पाय लुळा पडत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल, तर सुईबिई काही नाही, तडक इस्पितळ.

मला त्या खोट्या सुया महत्त्वाच्या वाटतात. त्यांतही माणूस अर्धा तास आडवा असतो. कुणी तरी त्याला कुठे दुखतं ते सविस्तर विचारलेलं असतं, पोटरीवर हात ठेवून पाहिलेलं असतं. त्या बाईला फडात असा अर्धा तास मिळत नाही. मनातल्या मनात तिला तो द्या. पाठीवर निजवा, गुडघ्यांखाली उशी. तिच्या श्वासाबरोबर तुमचाही श्वास जाऊ द्या. कुणी हाक मारत नाही. पाणी आणायचं नाही, भाकरी थापायच्या नाहीत. दुखणं आहे तिथंच आहे, पण त्याच्यावर पहारा देणारी ती या घटकेला एकटी नाही.

डोळे उघडलेत तरी चालेल. उरलं ते व्यवहाराचं आहे. सुयांच्या बैठका एकदोन नसतात, आठवड्यामागून आठवडे जावं लागतं, आणि फडात खाडा केला की पैसे कापले जातात. तेव्हा उपचार व्हायचे ते पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, ती गावी असताना, पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत. सोबत घरातलं कुणी जावं. गोळ्या कुठल्या चालू आहेत, मुंग्या कुठल्या पायात येतात, पुढची तारीख कोणती, हे तिला आठवलं नाही तर सांगायला.