स्थानवंदन आणि स्थानासक्ती

सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी साधकास नित्य अटनाचा आचार निरूपिला. अनोळखी देशी असावे, झाडातळी राहावे, कोणत्याही ठिकाणी जीव गुंतवू नये, हा त्या आचाराचा गाभा होय. उलटपक्षी असन्निधानकाळी स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक ही चार साधने मार्गात मान्य असून त्यांत स्थानाचे नाव प्रथम येते. येथे शंका उत्पन्न होते. ज्या मार्गाने स्थळाची ममता त्याज्य ठरविली, त्याच मार्गात ऋद्धिपूर, फलटण, माहूर, डोमेग्राम येथील स्थानांचे वंदन विहित कसे?

याचे समाधान असे. जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चारही पदार्थ परस्परांहून भिन्न आहेत. स्थानाची माती व पाषाण प्रपंचात मोडतात. मोक्ष देण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नाही. ती वंद्य ठरली ती अवताराच्या संबंधामुळे. म्हणून अमुक क्षेत्री गेल्याने अमुक फळ मिळते, हा हिशेब स्थानवंदनास लागू पडत नाही. ओट्यापुढे दंडवत घालताना तेथील लीळा मनात उभी राहिली नाही, तर देह वाकला, परंतु साधन घडले नाही.

स्थानपोथीची रचनाही हेच सांगते. कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेस, कोणत्या देवळात स्वामींचे आसन वा वसती झाली, याची तीत बारकाईने नोंद आहे. माहात्म्य व फलश्रुती यांवर तिचा भर नाही. कारण तिला पुण्याचा पसारा मांडावयाचा नसून स्मरणाचा पत्ता जपावयाचा आहे.

स्वामींचे चरित्र पाहता ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंपासून शक्तिस्वीकार केल्यावर ते साळबर्डीच्या डोंगरात एकांतात राहिले. पण तो एकांतही त्यांनी कायमचे ठिकाण केला नाही. पुढे नदीकाठ, मठ, देवळे आणि गजबजलेली गावे यांतूनच त्यांच्या लीळा घडल्या. एकांतस्थळ तेवढे पवित्र आणि लोकवस्ती अपवित्र, असा भेद त्यांच्या चरित्रातून निघत नाही.

आज वाहनांच्या सोयीने थोड्या दिवसांत अनेक स्थाने पाहून होतात. सोयीत दोष नाही. वृद्ध व अशक्त वासनिकांस ती उपकारकच आहे. दोष आहे तो संख्येच्या अभिमानात. किती ओटे झाले, हे यात्रिक सांगू शकतो. परंतु त्यांतील एकाही ठिकाणची लीळा त्यास सांगता न आली, तर त्याने अंतर कापले, इतकेच म्हणावे लागेल. यापेक्षाही सूक्ष्म धोका स्थानाजवळ राहणाऱ्याचा आहे. सेवेचे निमित्त करून 'हे स्थान आमचे' अशी भावना उत्पन्न झाली, की घरदार सोडून आलेला साधक नव्या घरात अडकतो. पहिल्या घराची ममता ममता म्हणून ओळखता येते. ही ममता भक्तीचे वस्त्र पांघरून येते, म्हणून तिचा त्याग अधिक कठीण.

यास्तव अटन व स्थानवंदन यांत विरोध नाही. अटन ममता तोडते, स्थान स्मरण जोडते. स्थानवंदन सफळ झाले की नाही, याची परीक्षा स्थानी पोहोचताना होत नाही. ती तेथून निघताना होते. पाऊल मोकळेपणाने निघावे, लीळा मात्र सोबत यावी. ज्याचे पाऊल अडले, त्याला स्थान मिळाले, परंतु स्थानाचा स्वामी दुरावला.